पाणी कशात ठेवायचं?

एक लिटर पाण्यात, २५ अंश तापमानाला आणि हवेच्या नेहमीच्या दाबाला, फार तर १.६ मिलिग्रॅम हायड्रोजन विरघळतो. ‘हायड्रोजन वॉटर’ या नावाने बाटलीत, पाकिटात किंवा चार्जिंगच्या पेल्यातून जे पाणी विकलं जातं, त्याचा सगळा भाव या दीड-पावणेदोन मिलिग्रॅमवर ठरतो. ते विकत घेणाऱ्याने पहिला प्रश्न विचारायला हवा तो हा, की हा हायड्रोजन घरी येईपर्यंत आणि घरी आल्यावर तोंडाला लागेपर्यंत राहतो कशात? हायड्रोजनचा रेणू सगळ्या वायूंत हलका आणि आकारानेही अगदी लहान. प्लास्टिकची भिंत आपल्याला सलग दिसते, पण तिच्या लांबलचक रेणूंच्या मधल्या फटींतून तो बिनबोभाट बाहेर पडतो. पेट बाटली, पॉलिथिलीनचा कॅन, पॉलिकार्बोनेटचा जार, यांपैकी कशातही तो फार काळ थांबत नाही. काच आणि स्टील त्याला भिंतीतून जाऊ देत नाहीत, पण झाकणातलं सिलिकॉनचं वायसर देतं. आणि वायसर कितीही घट्ट बसलं तरी झाकणाखालची हवा उरतेच. बंद भांड्यात समतोल साधला, की ठरावीक आकारमानाच्या पाण्यात जेवढा हायड्रोजन असतो त्याच्या पन्नासपट तो तेवढ्याच हवेत असतो. हिशेब करून पाहा. एक लिटरच्या बाटलीत वर २० मिलिलिटर, म्हणजे चार चमचे हवा राहिली, तर निम्मा हायड्रोजन त्या चार चमच्यांत जाऊन बसतो. बाटली अर्धी पिऊन झाकण लावून ठेवली, तर उरलेल्या पाण्यात शंभरातले जेमतेम दोन भाग शिल्लक राहतात.

म्हणूनच जपानमध्ये, जिथे हा धंदा आधी फोफावला, उत्पादकांनी अनेक पदरी ॲल्युमिनियमच्या पाकिटांचा आधार घेतला. पाकीट काठोकाठ भरता येतं, आणि पाणी कमी होईल तसं ते चेपत जातं, त्यामुळे आत हवेला जागा मिळत नाही. तिथल्या राष्ट्रीय ग्राहक व्यवहार केंद्राने २०१६ साली बाजारातली उत्पादनं तपासली, तेव्हा पेट बाटलीतून विकल्या जाणाऱ्या काही पाण्यांत बाटली उघडतानाच हायड्रोजन सापडला नव्हता. ग्राहकाने साधं पाणी हायड्रोजनच्या भावाने घेतलं होतं. आता या विषयामागे संशोधन नाहीच, असं म्हणणं बरोबर होणार नाही. टोकियोच्या निप्पॉन मेडिकल स्कूलमधल्या शिगेओ ओहता यांच्या गटाने २००७ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधाने ही चर्चा सुरू झाली. मेंदूचा रक्तपुरवठा काही काळ तोडून पुन्हा सुरू केलेल्या उंदरांना हायड्रोजन वायू हुंगवला, तर इजा कमी होते, असं त्यांना दिसलं होतं. पण तो हुंगवलेला वायू होता, प्राणी उंदीर होते, आणि इजा मुद्दाम घडवलेली होती. त्यानंतर माणसांवर झालेले बहुतेक अभ्यास थोड्या लोकांवरचे आणि थोड्या दिवसांचे आहेत. मधुमेहापासून सांधेदुखीपर्यंत सगळ्यावर एकच पाणी चालतं, असं जाहिरातीने सांगावं इतका पुरावा त्यातून उभा राहत नाही. हायड्रोजनचं पाणी कशात साठवावं, याचं उत्तर म्हणून एवढंच देता येतं: साठवू नये. प्यायचंच असेल तर पाकीट फोडल्याबरोबर संपवावं. आणि घरात कुठल्याही भांड्यात भरून ठेवायचं असेल, तर घेऊच नये.

हा प्रश्न बीड जिल्ह्यात गेवराई तालुक्यातल्या, शेवगावच्या वाटेवरच्या उमापूरसारख्या गावात नेऊन ठेवला, की त्याचं वजन बदलतं. मोबाइल जिथे पोचला तिथे ही जाहिरात पोचते, आणि ती पाहणारं घर पाण्याच्या बाबतीत आधीच घायकुतीला आलेलं असतं. गेवराई हा गोदाकाठचा तालुका आहे, पैठणच्या नाथसागराचा उजवा कालवा याच भागातून माजलगावकडे जातो, आणि तरीही २०१२-१३, २०१५-१६, २०१८-१९ ही बीड जिल्ह्याने टँकरवर काढलेली वर्षं आहेत. जिथे नळ आहे तिथेही तो रोज येतो असं नाही. नळ जितक्या दिवसांनी येतो तितके दिवस पाणी घरात साठून राहतं, आणि या दिवसांत त्या पाण्याचं जे काही बरंवाईट होतं ते भांड्यात होतं. जलजीवन मिशनने २०१९ साली माणशी दररोज ५५ लिटरचं उद्दिष्ट ठरवलं. पाच माणसांच्या घरात नळ चार दिवसांआड आला, तर त्या हिशेबाने हजारभर लिटर पाणी घरात कुठे ना कुठे ठेवावं लागतं. ते अंगणातल्या टिपाडात, मोरीतल्या सिमेंटच्या हौदात, माडीवरच्या काळ्या टाकीत, रांजणात, घागरी-कळशांत आणि शेवटी पिण्याच्या माठात विभागलं जातं. त्यात नळाचं, बोअरचं, टँकरचं आणि जारचं अशी चार गुणधर्मांची पाणी असतात. माझं म्हणणं असं, की भांडं घेताना ‘कोणता पदार्थ चांगला’ हा प्रश्न दुसरा आहे. या पाण्यात काय टिकवायचं आहे आणि त्यात काय जाऊ द्यायचं नाही, हा पहिला. त्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, की बहुतेक वेळा भांड्याच्या धातूपेक्षा त्याचं तोंड, त्याचं झाकण आणि त्यातून पाणी काढायची रीत अधिक महत्त्वाची ठरते.

टिकवायचं काय, तर क्लोरीन. ग्रामपंचायत विहिरीत किंवा टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकते, जलसुरक्षक नळाच्या शेवटच्या टोकाला क्लोरीन उरला आहे का हे पाहणारी ओटी टेस्ट घेतो, नमुना पिवळा होतो आणि नोंद होते. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असायला हवा. तो शिल्लक असतो म्हणजे पाण्याला पहारा असतो: नंतर एखादा जंतू पडला तरी तो मारण्याइतकी ताकद पाण्यात उरलेली असते. पण हा क्लोरीनही हायड्रोजनसारखाच पळपुटा आहे. उन्हाने जातो, उष्णतेने जातो, उघड्या तोंडातून उडतो, तळाच्या गाळात आणि भिंतीवरच्या शेवाळात खर्ची पडतो. ओटी टेस्ट नळाशी होते. पाणी पिणारं माणूस मात्र ते तीन दिवसांनी माठातून पितं. नळ आणि माठ यांच्यातलं हे अंतर कुठल्याही नोंदवहीत येत नाही, आणि दुखणं नेमकं तिथेच शिरतं. राइट, गुंड्री आणि कॉनरॉय या संशोधकांनी २००४ साली विकसनशील देशांतले ५७ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा पाणी भरल्यानंतर घरात पुन्हा दूषित होतं ही गोष्ट ठिकठिकाणी दिसून आली. उगमाशी पाणी जितकं स्वच्छ, तितका घरातला हा बिघाड ठळक होता.

हा बिघाड होतो कसा, ते कुठल्याही स्वयंपाकघरात पाहता येतं. माठाचं तोंड वीतभर रुंद. मूल खेळून येतं, झाकणी बाजूला सारतं, पेला हातात धरून मनगटापर्यंत आत घालतं. पेल्याबरोबर चार बोटं पाण्यात बुडतात, नखांतली माती आणि शौचाहून आल्यावर नीट न धुतलेल्या हाताचा अंश पाण्यात उतरतो, पेला बाहेर येतो आणि त्याच्या बुडावरून ओघळलेले थेंब पुन्हा माठात पडतात. घरात सहा माणसं असली, तर दिवसाकाठी असे तीसचाळीस हात त्या माठात जाऊन येतात. माठ मातीचा असो, स्टीलचा असो की तांब्याचा, हात तोच असतो. दांड्याचं ओगराळं भिंतीला अडकवलेलं असलं तर फरक पडतो, पण ते पाहुण्यांसमोर वापरलं जातं आणि घाईत विसरलं जातं. तोटी असली, की विसरायचा प्रश्नच उरत नाही.

याला पुरावा कोलकात्याचा आहे आणि तो जुना आहे. तिथल्या झोपडपट्ट्यांत पटकीचा फैलाव रोखण्यासाठी झालेल्या, जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काही कुटुंबांना अरुंद मानेची मातीची सुरई दिली गेली, काहींच्या साठवलेल्या पाण्यात क्लोरीन घातला गेला आणि काहींना नेहमीप्रमाणे राहू दिलं गेलं. सुरई वापरणाऱ्या कुटुंबांत पटकीच्या जंतूची लागण बरीच कमी झाली, आणि हा फरक क्लोरीनच्या तोडीचा होता. सुरई मातीचीच होती, म्हणजे पदार्थात काहीही विशेष नव्हतं. तिच्या मानेत हात जात नव्हता, एवढंच. पुढे मलावीतल्या मोझांबिकच्या निर्वासितांच्या छावणीत झाकणाची आणि पाणी ओतायला चोच असलेली प्लास्टिकची बादली देऊन पाहिली गेली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार घरातल्या पाण्यातले विष्ठाजन्य जंतू ६९ टक्क्यांनी घटले आणि पाच वर्षांखालच्या मुलांतला अतिसार ३१ टक्क्यांनी कमी झाला. एका ठिकाणी माती, दुसऱ्या ठिकाणी प्लास्टिक. पदार्थ वेगळे आणि परिणाम एकाच दिशेचा. भांड्याच्या आकाराचं म्हणणं यापेक्षा स्पष्ट कुठे ऐकायला मिळेल असं मला वाटत नाही.

यावर पहिला आक्षेप तांब्याचा येणार, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. आपल्या आज्यांनी रात्री तांब्यात पाणी भरून सकाळी प्यायला लावलं, त्याला प्रयोगशाळेने दुजोरा दिला आहे. बंगळुरूच्या आयुर्वेद संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पटकी, विषमज्वर, रक्ती आव आणि अतिसाराचे जंतू मुद्दाम पाण्यात सोडून ते तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवलं. त्यानंतर ते जंतू वाढवून पाहिले असता सापडले नाहीत. पाण्यात उतरलेलं तांबं लिटरला सुमारे ०.१८ मिलिग्रॅम होतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा २ मिलिग्रॅमची आहे. आपल्या मानकाची पसंतीची मर्यादा ०.०५ आणि दुसरा स्रोत नसेल तर चालवून घेण्याची मर्यादा १.५. म्हणजे ते प्रमाण घाबरण्याजोगं नाही, पण अगदी नगण्यही नाही. त्याआधी २००५ मध्ये पितळेच्या भांड्यांबाबतही असेच निष्कर्ष प्रसिद्ध झाले होते. तेव्हा तांब्याचा गुण खरा आहे. मात्र त्या गुणाला वेळ लागतो, आणि आपल्या घरात तो वेळ त्याला मिळत नाही. सोळा तास न हात लावता ठेवलेलं भांडं वेगळं, आणि दुपारी अर्धं झालं म्हणून वरून दुसरी कळशी ओतलेली घागर वेगळी. प्रत्येक ओतण्याबरोबर घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. शिवाय भांडं मोठं होईल तसा गुण पातळ होतो: त्याच घाटाचं भांडं आठपट पाणी मावेल एवढं केलं, तर आतला पृष्ठभाग फक्त चौपट होतो, म्हणजे प्रत्येक लिटरच्या वाट्याला निम्मंच तांबं येतं. लहान तांब्यावर झालेला प्रयोग मोठ्या हंड्याला लावता येत नाही.

त्यात आपल्या भागाची आणखी एक अडचण आहे. काळ्या कातळातून आलेलं बोअरचं पाणी बहुधा जड असतं. ते ठेवलेल्या भांड्याच्या आत पांढरट खर चढते, आणि खरेखाली गेलेलं तांबं पाण्याला लागतच नाही. चिंच-मिठाने घासून ती काढली तरच धातू पुन्हा उघडा पडतो, पण रोज आंबटाने घासलेल्या भांड्यातून तांबंही अधिक उतरतं, म्हणून ते नीट विसळावं लागतं. पितळी घागरीला आतून कल्हई असेल तर पाण्याला लागतं ते कथील, तांबं नाही. आणि कल्हईवाल्याच्या कथलात शिसं मिसळलेलं असेल तर फायद्याऐवजी अपायच. तिसरी गोष्ट फारशी बोलली जात नाही: क्लोरीन घातलेलं पाणी तांब्या-पितळेत ठेवलं, की क्लोरीन धातूशी भिडून लवकर संपतो. नळाचं पाणी तांब्यात ठेवणारं घर सरकारी पहारेकरी रजेवर पाठवून स्वतःचा ठेवतं, आणि तो कामाला लागायला रात्र जावी लागते. म्हणून तांब्याबद्दल माझं मत असं: रात्री भरायचा, झाकायचा आणि सकाळी संपवायचा लिटर-दोन लिटरचा तांब्या जरूर ठेवावा, कळकट पडला की घासावा, त्यात ताक-लिंबू घालू नये. घरभराच्या पिण्याचा मोठा साठा त्यावर सोपवू नये.

दुसरा आक्षेप प्लास्टिकवरचा. प्लास्टिक म्हणजे विष, असं सरसकट बोलण्याची आता पद्धत पडली आहे, आणि त्याच वेळी गावात ज्या प्लास्टिकची खरोखर भीती बाळगायला हवी ते बिनधास्त वापरलं जातं. उत्तम प्रतीचं नवं एचडीपीई किंवा पॉलिप्रॉपिलीन, ज्याच्या बुडाशी त्रिकोणात २ किंवा ५ हा आकडा आणि शेजारी पेला-काट्याची खूण असते, ते साध्या तापमानाच्या पाण्याला चांगलं आहे. क्लोरीनशी त्याचं वैर नाही, ते फुटत नाही, हलकं आहे. पेटची पातळ बाटली उन्हात तापवू नये, कारण उष्णतेने तिच्यातलं अँटिमनी अधिक उतरतं. आणि ती वर्षानुवर्षं वापरायची वस्तू नाही. जुन्या निळसर टणक जारांचं पॉलिकार्बोनेट हे आणखी वेगळं प्रकरण. त्यातल्या बिस्फेनॉल-ए मुळे भारतीय मानकाने बाळांच्या दुधाच्या बाटल्यांसाठी ते नाकारलं, आणि युरोपीय संघाने डिसेंबर २०२४ मध्ये हे रसायन अन्नाला लागणाऱ्या वस्तूंतून काढून टाकण्याचा नियम केला. हे सगळं खरं असलं तरी गेवराई हा कापसाचा तालुका आहे, आणि इथे धोका या बारीक गोष्टींपेक्षा फार मोठा आहे. कारखान्यातून रसायनं रिकामी करून बाजारात आलेलं दोनशे लिटरचं निळं टिपाड, आणि शेतात फवारणी झाल्यावर उरलेला पाच लिटरचा रिकामा कॅन. हे दोन्ही एचडीपीईचेच असतात. हायड्रोजन ज्या वाटेने प्लास्टिकमधून बाहेर पडतो, साधारण तशाच वाटेने तेलकट कीटकनाशक प्लास्टिकच्या आत शिरून बसतं. तीनदा विसळा, साबणाने धुवा, उन्हात वाळवा. पृष्ठभाग स्वच्छ होतो, भिंतीत मुरलेलं औषध तसंच राहतं आणि पुढचे कित्येक महिने पाण्यात झिरपत राहतं. वास गेला म्हणजे औषध गेलं, हा समज जिवावर बेतणारा आहे. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनी अशी भांडी पुन्हा वापरता येऊ नयेत अशी विल्हेवाट लावायला सांगितलं आहे. साधा उपाय म्हणजे डबा रिकामा झाला, तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या पंपात ओतलं, की लगेच बुडाला खिळा ठोकून भोक पाडावं. भोक पडलेल्या डब्यात कोणी पाणी भरत नाही.

स्टीलबद्दल थोडक्यात. पिण्याच्या पाण्याला स्टील उत्तम. वास धरत नाही, घासायला सोपं, पिढीभर टिकतं. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो आणि चिकटला नाही म्हणजे माल अस्सल असं सांगतो. ३०४ हा निकेल जास्त असलेला चांगला दर्जा आणि २०२ हा स्वस्तातला, दोन्हींना चुंबक बहुधा चिकटत नाही. तेव्हा या परीक्षेवर पैसे मोजू नयेत, दर्जाचा शिक्का आणि पक्कं बिल मागावं. टीसीएल पावडरचे खडे थेट स्टीलच्या पिंपात टाकू नयेत, तळाला बारीक खड्डे पडतात. पावडर वेगळ्या प्लास्टिकच्या बादलीत कालवून, निवळ वरचं पाणी घालावं. नाहीतर आरोग्य उपकेंद्रातून मिळणारे मेडिक्लोर या क्लोरीनच्या द्रावणाचे थेंब वापरावेत आणि अर्धा तास थांबून मग प्यावं. माठ मला आवडतो आणि मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात त्याच्याइतकं थंड, बिनखर्चाचं पाणी दुसरं कुठलंही भांडं देत नाही. पण ज्या छिद्रांतून पाझरून तो गार होतो त्याच छिद्रांत क्लोरीन संपतो आणि चिकट थर साठतो, म्हणून माठात एका दिवसापुरतंच पाणी भरावं, वर्षाला माठ बदलावा, आणि घेतानाच तोटीचा घ्यावा. तोटीचे माठ आता आठवडी बाजारांत सहज दिसतात.

‘आम्ही जारचं पाणी पितो, आम्हाला हे लागू नाही,’ असं म्हणणारी घरं आता गावोगाव आहेत. त्यांनाच ते सर्वांत जास्त लागू आहे. आरओ यंत्रात पडद्याच्या आधी कोळशाची गाळणी असते, ती क्लोरीन काढून टाकते, कारण क्लोरीनने पडदा खराब होतो. म्हणजे यंत्रातून निघालेलं पाणी निघताना स्वच्छ असतं, पण त्याच्या अंगात पुढच्या दूषणाला तोंड द्यायला काहीही उरलेलं नसतं. ते नीट न धुतलेल्या जारमध्ये भरलं, टेम्पोत दुपारभर फिरलं, घरी आल्यावर जुन्याच माठात ओतलं, की टीसीएल घातलेल्या नळाच्या पाण्यापेक्षा ते लवकर बिघडू शकतं. अल्कलाइन आणि हायड्रोजनच्या यंत्रांची गोष्ट यापुढची. बॅटरीच्या पेल्यात पाण्याचं विघटन करून हायड्रोजन काढला जातो. जड पाणी घातलं की त्याच्या पत्र्यांवर हीच पांढरी खर बसते आणि काही आठवड्यांत पेला नुसते बुडबुडे दाखवण्यापुरता उरतो. त्याने पाण्यातला नायट्रेट किंवा फ्लोराइड कमी होत नाही. ज्या घरात बाळाला वर्षातून चारदा जुलाब होतात, त्या घराने पाण्यावर खर्च करायचा असेल तर तो इथे करू नये, असं मी ठामपणे म्हणेन.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: उगमच दूषित असेल तर भांडं काय करणार? काहीच नाही. विहिरीशेजारी उकिरडा असेल, पाइपलाइन गटारातून गेली असेल, तर सोन्याच्या भांड्यानेही उपयोग नाही. आरोग्य खातं स्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतींना लाल, पिवळं, हिरवं कार्ड देतं. आपल्या गावाला कोणतं मिळालं हे ग्रामसभेत विचारायला हवं, आणि लाल असेल तर भांड्याची चर्चा थांबवून आधी ते पाहायला हवं. पण हा आक्षेप उलट्या बाजूनेही खरा आहे. हिरव्या कार्डाचं पाणी घरात येऊन बिघडत असेल, तर योजनेवर झालेला खर्च शेवटच्या दोन हातांवर वाया जातो. शिवाय पाणी भरण्याच्या मोठ्या भांड्यांचा डेंग्यूशी थेट संबंध आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास आपली अंडी पाण्यात न घालता पाण्याच्या पातळीच्या वर, भिंतीला चिकटवतो. पाणी उपसलं, तरी अंडी सुक्या भिंतीवर महिनोन्‌महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी चढलं की आठवड्याभरात डास तयार. म्हणून आठवड्याचा कोरडा दिवस म्हणजे भांडं नुसतं पालथं घालणं नाही. टिपाडाची, रांजणाची आतली भिंत काथ्याने किंवा ब्रशने घासावी लागते. खडबडीत सिमेंटचा हौद घासता येत नाही, गुळगुळीत प्लास्टिक घासता येतं, आणि पदार्थ निवडायला हे एक चांगलं कारण आहे.

राहिला ज्यांना निवडच नाही त्यांचा प्रश्न. दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. कोयत्याने, म्हणजे नवरा-बायकोने मुकादमाची उचल घेतलेली असते, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार भरलेला असतो, आणि त्यात पाण्यासाठी असतो तो गोडेतेलाचा रिकामा कॅन किंवा त्याहून वाईट काही. माठ वाटेत फुटतो, तांब्याचं भांडं चोरीला जातं, स्टीलचं जड होतं. कोपीवर, म्हणजे तोडीच्या ठिकाणच्या झोपडीवर, पाणी कधी कालव्याचं, कधी बांधावरच्या विहिरीचं, आणि पाच-सहा महिने तेच लेकरं पितात. प्लास्टिकला नावं ठेवून या कुटुंबांना काहीही मिळत नाही. त्यांच्यासाठी योग्य भांडं कोणतं, हे वरच्या सगळ्या पुराव्यातून स्पष्ट निघतं: २० लिटरचा, नव्या एचडीपीईचा, अरुंद तोंडाचा, फिरकीच्या झाकणाचा आणि खाली तोटी असलेला कॅन, सोबत मेडिक्लोरची बाटली. हायड्रोजनच्या एका यंत्राच्या पैशात असे कॅन अख्ख्या टोळीला पुरतील.

ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याण महामंडळ आहे, आणि गाळलेल्या उसावर त्यासाठी कारखान्यांकडून निधी घेतला जातो. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या अनुदानाचा ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधून दिला. यंदाचा हंगाम सुरू होताना महामंडळाने आणि कारखान्यांनी प्रत्येक कोयत्यामागे असा एक कॅन द्यावा. उमापूरसारख्या गावांच्या ग्रामपंचायतींनी अंगणवाडीतला आणि शाळेतला उघडा माठ काढून तोटीचं पिंप बसवावं, आणि ओटी टेस्ट नळाबरोबर त्या पिंपाच्या तोटीवरही घ्यावी. आणि धनत्रयोदशीला भांडं घ्यायला दुकानात जाणाऱ्या प्रत्येक वाचकाला एवढीच विनंती, की या वर्षी धातू कुठलाही घ्या, पण हात आत जाणार नाही असं घ्या.